स्किपोलवर आठ तास आहेत? ॲमस्टरडॅम पायी बघून वेळेत परत कसं यायचं

मुंबईहून अमेरिकेला किंवा युरोपात पुढे जाताना ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर सात-आठ तासांचा थांबा अनेकांच्या तिकिटात असतो. आगगाडीनं शहर जेमतेम पाव तासावर आहे. तरी माझ्या ओळखीतले बरेच जण तो वेळ विमानतळाच्या खुर्चीत काढतात. जे बाहेर पडतात, त्यांतले काही स्टेशनसमोरच्या दामराक रस्त्याच्या गर्दीतच फिरून परत येतात, तर काही परतीच्या तपासणीच्या रांगेत घड्याळाकडे बघत उभे असतात. असं होतं, कारण विमान उतरल्यापासून पुढे वेळ मोजला जातो. या सगळ्या बेतात वेळ पुढच्या विमानापासून मागे मोजायचा असतो. एवढं जमलं तर अडीच तासांतही कालव्यांचा हा भाग निवांत बघून होतो.

पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमानं घ्या. पहिल्या दोन टप्प्यांत उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढचं वाचू नका. विमानतळावरच आराम करा.

टप्पा १: बाहेर पडायची परवानगी आहे का?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतो, मग तो थांबा तीन तासांचा असो की तीस. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर शहरात जाता येतं, हा समज चुकीचा आहे. त्या कागदांचा उपयोग फार तर विमानतळाच्या आत विमान बदलण्यापुरता. अमेरिकी किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांना मात्र अशा छोट्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळे एकाच कुटुंबात मुलगा बाहेर जाऊ शकतो आणि आईवडील नाही, असं होऊ शकतं. तिकीट काढतानाच प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा तपासा.

दुसरी चूक एका प्रवेशाच्या व्हिशाची. समजा तुम्ही मुंबईहून ॲमस्टरडॅममार्गे लंडनला जाताय आणि लंडननंतर पॅरिसला जायचा बेत आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. जाताना चार तास शहर बघायला बाहेर पडलात आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर तो तिथेच वापरला गेला. पॅरिसची सहल गेली. डब्लिनला जाणाऱ्यांचंही तसंच, कारण आयर्लंडही शेंगेनबाहेर आहे. व्हिशाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या रकान्यात ‘१’ आहे, ‘२’ आहे की अनेक प्रवेशांची खूण आहे, ते आधी वाचा.

केवळ अर्ध्या दिवसासाठी नवा व्हिसा काढावा का? माझं मत, काढू नये. मोठ्यांसाठी ९० युरो शुल्क, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, कागदपत्रं, ठसे द्यायला फेरी. एवढ्या खटाटोपात थांब्याचा आनंद उरत नाही. ही भटकंती खरी सोयीची आहे ती ज्यांच्याकडे अनेक प्रवेशांचा चालू व्हिसा आहे त्यांना, आणि ॲमस्टरडॅममार्गे रोम किंवा बार्सिलोनाला जाणाऱ्यांना. या दुसऱ्या लोकांची शेंगेनची पासपोर्ट तपासणी ॲमस्टरडॅमलाच होते, त्यामुळे बाहेर पडायला वेगळं काही करावं लागत नाही.

तपासा: पुढचं विमान त्याच तिकिटावर आहे का? दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅगा घेऊन पुन्हा जमा कराव्या लागू शकतात. अशा वेळी दहा तासांपेक्षा कमी थांब्यात शहराचा विचार सोडा.

टप्पा २: उलटा हिशोब

कागद घ्या आणि वर पुढच्या विमानाची सुटायची वेळ लिहा. उदाहरणाला, सकाळी ७:३० ला उतरायचं आणि दुपारी ३:३० ला अमेरिकेचं विमान. आता मागे मोजत या.

विमान ३:३० ला. अमेरिकेच्या विमानांना गेटवर वेगळी विचारपूस असते आणि लोकांना लवकर आत घेतात, म्हणून गेटवर २:१५ ला पोचायचं. सुरक्षा तपासणी, पासपोर्ट तपासणी आणि गेटपर्यंतची चाल यांना सव्वा तास धरा. म्हणजे विमानतळाच्या दारात १:०० वाजता. गाडी, फलाट शोधणं आणि एखादी गाडी चुकण्याची सोय धरून चाळीस मिनिटं. म्हणजे शहरातल्या सेंट्राल स्टेशनच्या फलाटावर १२:२०. स्टेशनात शिरायची वेळ १२:००.

आता दुसऱ्या बाजूनं. ७:३० ला उतरलात, विमानातून बाहेर यायला ७:५०. पासपोर्टच्या रांगेला एक तास. युरोपच्या सीमांवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, त्यामुळे ‘मागच्या वेळी वीस मिनिटांत झालं होतं’ हा अनुभव धरू नका. ८:५० ला मोकळे. सामान ठेवणं, तोंड धुणं, गाडीपर्यंत जाणं यात अर्धा तास. ९:२० ची गाडी, ९:४० ला सेंट्राल.

हातात राहिले ९:४० ते १२:००, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. आठ तासांचे एवढेच उरतात. सात तासांचा थांबा असेल तर एक तास वीस मिनिटं. सहाचा असेल तर वीस मिनिटं, म्हणजे काहीच नाही. माझी सीमारेषा सात तासांची. पुढचं विमान शेंगेनमधल्याच शहराचं असेल तर परतीची पासपोर्ट तपासणी वाचते, तिथे अर्धा-पाऊण तास जास्त मिळतो.

सावध: विमान उशिरा उतरलं तर तो उशीर शहराच्या वेळेतून कापायचा, परतीच्या वेळेतून नाही. १२:०० म्हणजे १२:००. उतरायलाच ८:३० वाजले तर तासाभराच्या फेरीवर या. ९:०० वाजले तर बेत रद्द.

उजेडाचाही विचार करा. डिसेंबरात तिथे पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारला सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. थंडीत दुपारी तीनला उतरणाऱ्यांनी अंधारातल्या शहराची तयारी ठेवावी.

टप्पा ३: घरून निघण्याआधी

कार्ड. ॲमस्टरडॅमच्या गाड्या, ट्राम आणि मेट्रो यांत शिरताना बँकेचं कार्ड यंत्रावर टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं, अशी पद्धत आहे. भारतात नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देणं या दोन्ही गोष्टी बंदच येतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही वेगवेगळ्या सुरू कराव्या लागतात. पहिली सुरू करून दुसरी विसरणारे पुष्कळ. हे घरीच करा; परदेशात ओटीपी न येण्याची कटकट नको. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड ठेवा, रुपेच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. एका कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. दुसरं कार्ड नसेल तर त्या माणसाचं तिकीट यंत्रावर काढा. वीस-तीस युरो रोख जवळ असू द्या, पण अनेक दुकानं रोख घेतच नाहीत. दारावर ‘पिन ओन्ली’ असे शब्द दिसले तर तिथे कार्डच चालतं.

सामान. मुंबईला चेक-इन करताना मोठ्या बॅगांवर शेवटच्या शहराचीच चिठ्ठी लागली आहे ना, ते डोळ्यांनी बघा. पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास तिथेच मागून घ्या. हाताशी दोन पिशव्या करा: एक केबिन बॅग, जी लॉकरमध्ये जाईल, आणि एक छोटी पाठपिशवी, जी तुमच्याबरोबर चालेल. पासपोर्ट, औषधं, चार्जर, जास्तीचे मोजे छोटीत. विमानातून उतरताना बॅगा उघडून हलवाहलव करू लागलात तर वीस मिनिटं गेलीच.

बूट. जुने, पायाला सवय झालेले. रात्रभर बसून पाय सुजलेले असतात, त्यात नवे बूट अर्ध्या तासात टाच सोलतात. तिथले रस्ते विटांचे आहेत आणि कालव्यांवरचे पूल उंचवट्यासारखे मधे फुगलेले. गुडघे दुखणाऱ्यांना पुलांची चढउतार जाणवते.

कपडे. वारा आणि रिमझिम बाराही महिने असते. तिथल्या वाऱ्यात छत्री उलटते. टोपी असलेलं पातळ जाकीट घ्या.

फोन. शहराचा नकाशा उतरवून ठेवा. पाच जागांवर खुणा करा: सेंट्राल स्टेशन, नूर्डरमार्क्ट, वेस्टरकेर्क, स्पाउ, दाम चौक. नेदरलँड्सच्या रेल्वेचं एनएस ॲप घेऊन ठेवा. त्याच सकाळी मार्गावर दुरुस्तीचं काम आहे का, ते त्यात कळतं. शनिवार-रविवारी अशी कामं असतात.

डच पाट्या लांबलचक दिसतात, पण शब्दाचं शेपूट ओळखलं की झालं. ‘ग्राख्त’ म्हणजे कालवा, ‘स्त्रात’ म्हणजे रस्ता, ‘केर्क’ म्हणजे चर्च, ‘मार्क्ट’ म्हणजे बाजाराचा चौक. स्टेशनवर ‘स्पोर’ म्हणजे फलाट.

टप्पा ४: उतरल्यावर

उतरल्यावर दोन वाटा फुटतात. एक बदलीच्या विमानांकडे, दुसरी बाहेर, सामानाकडे. झोपेत असलेला माणूस गर्दीमागे चालत जातो आणि बदलीच्या सुरक्षा तपासणीत शिरतो. तिथून उलटं यायला वेळ लागतो. ‘ॲरायव्हल्स’ आणि ‘बॅगेज’ या पाट्या धरा.

पासपोर्टच्या खिडकीत ‘कुठे जाणार’ असं विचारलं तर सरळ सांगा: शहर बघायला, आणि दुपारच्या विमानानं पुढे. पुढचा बोर्डिंग पास हातातच ठेवा. अमेरिकेचा व्हिसा असेल ते पानही उघडं ठेवा.

बाहेर आल्यावर पहिलं काम घड्याळाचं. मुंबई उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते, हिवाळ्यात साडेचार. फोननं तिथली वेळ घेतली आहे याची खात्री झाल्यावरच गजर लावा. दोन गजर लावा: एक स्टेशनात शिरायच्या वेळेचा, दुसरा त्याआधी चाळीस मिनिटांचा. आमच्या उदाहरणात ११:२० आणि १२:००. ११:२० चा गजर वाजला की परतीच्या दिशेला वळायचं, जिथे असाल तिथून.

केबिन बॅग स्किपोलच्या तळघरातल्या लॉकरमध्ये ठेवता येते, सेंट्राल स्टेशनवरही लॉकर आहेत. मी विमानतळावरच ठेवते, म्हणजे गाडीत हात मोकळे राहतात. लॉकरच्या क्रमांकाचा फोटो काढा.

तपासा: मुंबईच्या ड्यूटी-फ्रीमधून बाटली घेतली असेल तर ती सीलबंद पिशवी फोडू नका. तुम्ही बाहेर पडून पुन्हा तपासणीतून जाणार आहात. सर्वांत बरं म्हणजे जाताना अशी खरेदी न करणं.

टप्पा ५: गाडी

रेल्वे स्टेशन विमानतळाच्या चौकाखालीच आहे. कार्ड टेकवायच्या खांबावर टेकवा, आवाज ऐका, पडद्यावर खूण बघा, मगच सरकत्या जिन्यानं खाली जा. इथे एक बारीक गोष्ट: फोनमधलं कार्ड आणि खिशातलं तेच कार्ड यंत्राला दोन वेगळी कार्डं वाटतात. आत जाताना फोन टेकवला तर बाहेर येतानाही फोनच. बाहेर येताना विसरलात किंवा अदलाबदल केलीत तर जास्तीचे पैसे कापले जातात. एका वेळचं भाडं पाच-सहा युरोंच्या आसपास आहे.

आता मोठी चूक. स्किपोलहून ‘ॲमस्टरडॅम’ नावाच्या एकाहून जास्त स्टेशनांना गाड्या जातात. तुम्हाला हवं ते ‘सेंट्राल’. ‘झाउड’ म्हणजे दक्षिण. तिथे काचेच्या ऑफिसांच्या इमारती आहेत, कालवे नाहीत. पहिल्या वेळी मी ‘ॲमस्टरडॅम’ एवढंच वाचून चढले आणि झाउडला उतरले. तिथून ५२ क्रमांकाच्या मेट्रोनं सेंट्रालला जाता येतं हे तेव्हा माहीत नव्हतं. वीस मिनिटं पाट्या वाचण्यात गेली. फलाटावरच्या निळ्या पडद्यावर ‘सेंट्राल’ हा शब्द दिसल्याशिवाय चढू नका.

सावध: या गाडीत आणि सेंट्रालच्या फलाटांवर पाकीटमारी होते. दार बंद व्हायच्या वेळी कुणी काही विचारू लागलं, काही सांडलं, तर आधी पिशवीवर हात ठेवा. पासपोर्ट बाहेरच्या खिशात नको, पण जवळ मात्र हवा. १४ वर्षांवरच्या प्रत्येकाला तिथे ओळखपत्र दाखवता यावं लागतं.

टप्पा ६: चालायची वाट

सेंट्रालला दोन तोंडं आहेत. एक शहराकडे, दुसरं मागे रुंद पाण्याकडे, जिथून पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटी सुटतात. ‘सेंट्रुम’ ही पाटी धरा. बाहेर आल्यावर समोर ट्राम दिसल्या तर बरोबर, बोटी दिसल्या तर मागे वळा.

समोर सरळ जाणारा रुंद रस्ता म्हणजे दामराक. सगळे त्याच रस्त्यानं जातात. तुम्ही जाऊ नका. तो परतीसाठी ठेवा. परतताना जवळची, सरळ, चुकायला वाव नसलेली वाट हवी असते, आणि ती दामराक आहे.

*पाऊल टाकण्याआधी रस्त्याचे नियम.* आपण रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघतो. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून पहिलं वाहन डावीकडून येतं. मान डावीकडे वळवायची सवय पहिल्या पाच मिनिटांत मुद्दाम लावा. लालसर डांबराची पट्टी म्हणजे सायकलचा रस्ता. तो फुटपाथचा भाग वाटतो, तसा तो नाही. माझी मावशी एका पुलाच्या तोंडाशी फोटोसाठी दोन पावलं मागे सरली, नेमकी लाल पट्टीवर. घंटा एकदाच वाजली, बारीक, ‘टिंग’ अशी. समोर मूल बसवलेली मोठी सायकल तिच्या कोपराला घासून गेली. सायकलवाली थांबली नाही, ओरडलीही नाही. मावशीची शाल मात्र हँडलला अडकून ताणली गेली, सुटली म्हणून बरं. घंटा ऐकल्यावर उडी मारू नका, जागीच थांबा. सायकलवाले तुम्हाला चुकवून जातात. अचानक बाजूला सरलात तरच धडक होते.

*पहिला भाग, स्टेशन ते ब्राउवर्सग्राख्त, साधारण वीस मिनिटं.* स्टेशनातून बाहेर पडल्यावर उजवीकडे वळा आणि पाणी ओलांडून हार्लेमरस्त्रातच्या तोंडाशी या. त्या रस्त्याला समांतर, डावीकडे, ब्राउवर्सग्राख्त हा कालवा आहे. त्याच्या काठानं चाला. डाव्या हाताला एकामागून एक कालवे फुटताना दिसतील. आतून बाहेर त्यांचा क्रम असा: सिंगल, हेरनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सनग्राख्त. ‘सिं-हे-कै-प्रि’ एवढं पाठ करा, नकाशा निम्मा बंद ठेवता येईल.

घरनंबरांची एक खूण फार उपयोगी आहे. या मोठ्या कालव्यांवर नंबर ब्राउवर्सग्राख्तपासून सुरू होतात आणि दूर जाताना वाढतात. म्हणजे नंबर उतरत असतील तर तुम्ही स्टेशनच्या बाजूला येताय. प्रिन्सनग्राख्तवर विषम नंबर शहराच्या आतल्या काठावर आणि सम नंबर बाहेरच्या. फोन बंद पडला तरी दारावरचे आकडे बघून दिशा कळते.

*दुसरा भाग, प्रिन्सनग्राख्त, पंचवीस मिनिटं चाल, शिवाय थांबणं.* कोपऱ्यावर डावीकडे वळताना बाहेरचा, म्हणजे सम नंबरांचा काठ धरा. पहिल्याच पाच मिनिटांत नूर्डरमार्क्टचा चौक लागतो. शनिवारी इथे शेतमालाचा बाजार भरतो, सोमवारी जुन्या वस्तूंचा. बसायचं असेल तर इथेच बसा, कारण पुढे बसायच्या जागा गर्दीच्या आहेत. कॉफी आणि ॲपल पाय घ्या. वीस-पंचवीस मिनिटांचीच बैठक. विमानातल्या जागरणानंतर खुर्चीतून उठवत नाही.

सावध: बसण्याआधी पाटी वाचा. ‘कॅफे’ म्हणजे कॉफी, खाणं आणि बियर. ‘कॉफीशॉप’ म्हणजे गांजा विकणारं दुकान. तिथल्या केकमध्येही तेच असतं. पुढे विमान आणि सीमा तपासणी आहे. त्या दुकानात पाऊल टाकू नका.

इथून घरांकडे वर बघत चाला. प्रत्येक घराच्या माथ्याशी एक तुळई बाहेर आलेली आणि तिला आकडा. जिने इतके अरुंद, की कपाटं, पियानो दोरानं खिडकीतूनच वर घ्यावे लागतात. भिंतीला सामान आपटू नये म्हणून कित्येक घरांचं तोंड मुद्दाम पुढे झुकतं बांधलं आहे. एक घर निवडा, थेट त्याच्या पायाशी उभे राहून वर बघा, म्हणजे तो झुकाव दिसतो. लांबून कळत नाही. (पायाशी म्हणजे फुटपाथवर. लाल पट्टीकडे लक्ष असू द्या.)

पुढे उजवीकडे एगलांटीर्सग्राख्त हा छोटा कालवा आत शिरतो. दोन मिनिटं त्याच्या तोंडाच्या पुलावर थांबा. मग समोरच्या काठावर वेस्टरकेर्कचा उंच मनोरा दिसतो. त्याच्या अलीकडे, २६३ नंबरचं घर म्हणजे रोजनिशी लिहिणारी ज्यू मुलगी ॲन फ्रँक दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिली ती जागा. आत जायची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची विक्री सुरू होते. दारात जाऊन तिकीट मिळत नाही, त्यामुळे रांगेत उभं राहू नका. अडीच तासांच्या फेरीत आतली भेट बसवूही नका. ती घाईनं बघायची जागा नाही. समोरच्या काठावरून बघा आणि मग पूल ओलांडून चर्चपाशी या.

तपासा: वेस्टरकेर्कपाशी घड्याळ बघा. ११:०० च्या आत आहात? पुढे चला. ११:०० होऊन गेले? इथून राटहाउस्त्रात हा रस्ता सरळ दाम चौकात जातो. पाय दुखत असतील तर याच थांब्यावरून १३ किंवा १७ क्रमांकाची ट्राम सेंट्रालला जाते. ट्राममध्येही चढताना-उतरताना कार्ड टेकवायचं.

*तिसरा भाग, नऊ गल्ल्या.* वेस्टरकेर्कनंतर प्रिन्सनग्राख्त ते सिंगल या पट्ट्यात नऊ छोट्या गल्ल्या आहेत. तीन रांगा, प्रत्येकीत तीन गल्ल्या, आणि प्रत्येक रांग तुम्हाला शहराच्या मध्याकडे नेते. वेळेनुसार वाट इथे लहान-मोठी करता येते, म्हणून मी सगळ्यांना हाच मार्ग सांगते. रेस्त्रातपासून सुरू होणारी पहिली रांग धरलीत तर थेट दाम चौकाच्या मागे निघता. बेरनस्त्रातची मधली रांग त्याहून थोडी लांब. रुन्स्त्रातची तिसरी रांग सर्वांत लांब. ती स्पाउ चौकाच्या तोंडाशी सोडते. घड्याळ बघा आणि रांग निवडा. कुठलीही धरली तरी कैझर्सग्राख्त आणि हेरनग्राख्त हे दोन्ही कालवे ओलांडले जातातच, त्यामुळे पहिली घेतली म्हणून काही हुकलं असं नाही.

स्पाउला पोचलात तर शेजारीच बेखैनहोफ आहे: घरांनी वेढलेलं जुनं अंगण, मधे हिरवळ, आणि ३४ नंबरचं काळं लाकडी घर. तिथे लोक राहतात. आवाज खाली, खिडक्यांचे फोटो नाहीत, दहा मिनिटांत बाहेर. तिथून काल्व्हरस्त्रात ही खरेदीची गल्ली दाम चौकात येते, आणि चौकातून दामराकनं दहा-बारा मिनिटांत स्टेशन.

पूर्ण फेरी साधारण पाच किलोमीटरची. शहराच्या दक्षिणेला असलेली राइक्सम्युझियम आणि व्हॅन गॉगची म्युझियमं या फेरीत घुसवू नका. स्टेशनपासून ती अडीच-तीन किलोमीटर लांब आहेत आणि त्यांना स्वतःचा अर्धा दिवस हवा. दाम चौकाच्या पूर्वेची लाल दिव्यांची वस्ती चुकून लागली तर तिथल्या स्त्रियांचे फोटो काढू नका.

*खाणं-पिणं थोडक्यात.* नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या. शाकाहारी असाल तर ‘वेगेतारिस’ हा शब्द उपयोगी. फ्राइज काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, विचारून घ्या. चीजमध्येही प्राणिज रेनेट (दूध घट्ट करायचा घटक) असू शकतं. स्वच्छतागृहाला पैसे पडतात, बहुतेक ठिकाणी कार्डानं. कॅफेत बसलात तिथलंच वापरा.

टप्पा ७: परत

१२:०० ला स्टेशनात. पडद्यावर ‘स्किपोल एअरपोर्ट’ शोधा, फलाटाचा आकडा आणि त्यापुढचं ‘अ’ किंवा ‘ब’ अक्षर दोन्ही बघा. एकाच लांब फलाटाच्या दोन टोकांना दोन गाड्या उभ्या असतात.

गाड्या बंद असतील तर वाट बघत बसू नका. ५२ क्रमांकाची मेट्रो घेऊन झाउडला जा, तिथून स्किपोलची गाडी मिळते का बघा. तेही नसेल तर टॅक्सी. विमान चुकल्यावर नवं तिकीट काढावं लागण्यापेक्षा ते भाडं परवडतं.

विमानतळावर आल्यावर क्रम असा: कार्ड टेकवून बाहेर, लॉकरमधली बॅग, पडद्यावर गेट नंबर, सुरक्षा तपासणी, पासपोर्ट. गेट नंबर आधी बघितलेला बरा, कारण स्किपोल लांबच लांब पसरलं आहे आणि काही गेटांना पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. शहरात घेतलेलं सरबत, जॅम, मऊ चीज हे सगळं तपासणीत द्रव म्हणून अडकू शकतं. कडक चीजचा गोळा किंवा स्ट्रूपवाफल बिस्किटं घेतलीत तर त्रास नाही. अमेरिकेला जाताना ट्युलिपचे कंद घ्यायचे तर वनस्पती-आरोग्याचा दाखला असलेलंच पाकीट हवं.

पासपोर्ट तपासणी ओलांडल्यावरच खरेदी, तीही गेट डोळ्यांनी बघून आल्यावर. गेटवर पोचलात की बूट सैल करा, बाटली भरून घ्या, मोजे बदला. पुढचे आठ-नऊ तास पुन्हा बसायचं आहे.